करूबाचे गाल

पोकुवा साडेतीन वर्षांची असताना गावाने तिच्या गालांना पहिले बक्षीस दिले होते. सरकारी दवाखान्याच्या अंगणात दरवर्षी सुदृढ बालकांची स्पर्धा भरत असे. मानेला आणि छातीला पांढरी पावडर फासलेली मुले आयांच्या मांडीवर ओळीने बसत आणि परीक्षक त्यांचे गाल चिमटीत धरून त्यांच्या आयांच्या संसाराची परीक्षा करीत. त्या वर्षी परीक्षक होते गावच्या राणीमातेची धाकटी बहीण, डब्याच्या दुधाचा घाऊक व्यापारी आणि स्वर्गीय अग्नी प्रार्थना मंदिराचे संस्थापक प्रेषित न्तिआमोआ. मुलांच्या हाडांविषयी या तिघांना मिळून जेवढे ज्ञान होते तेवढे त्या पावडरच्या डब्यालाही असावे. तिघांचे एकमत झाले.

"याला म्हणतात पोसलेलं मूल!" व्यापारी म्हणाला. "बघा, बघा, गाल आहेत की ताजे पाव!"

पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या डब्याशेजारी पोकुवा छापून आली आणि निम्म्या गावाच्या भिंतींवरून हसू लागली. तिची आई डुफिए शाळेत तिसरीला शिकवीत असे. तिनेही ती दिनदर्शिका बैठकीच्या खोलीत लावली. ते गाल चिमटीत येत नाहीत, आत दगडासारखे कठीण लागतात, हे तिला तेव्हाही ठाऊक होते. पण ज्या गोष्टीला बक्षीस मिळाले आहे तिच्याविषयी शंका घेण्याची हिंमत शिकलेल्या बाईपाशीही क्वचितच असते.

पोकुवा आठ वर्षांची होईपर्यंत गाल दोन्ही बाजूंनी सारखे वाढले. दुधाचे दात वेळेआधी गळाले आणि नवे दात वाटेल तिथून, वाटेल तसे डोकावू लागले. वरचा जबडा फुगला तशा खालच्या पापण्या ओढल्या गेल्या, बुबुळांखाली पांढरे दिसू लागले, आणि मुलगी समोर बघत असली तरी आकाशाकडे बघते आहे असे वाटू लागले. ज्या गावाने तिला भिंतीवर टांगले होते त्या गावाने आता आपली मुले तिच्या बाकावरून उठवली. दिनदर्शिका मात्र कोणी काढली नाही. तिच्यामागे भिंतीचा पोपडा होता.

डुफिए आणि तिचा नवरा तिला कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. नवरा म्हणजे त्याच शाळेचे मुख्याध्यापक, मास्तर अदोमाको: रुंद खांद्यांचे, सावकाश बोलणारे, छातीवर रुळणारी दाढी राखणारे गृहस्थ. त्या दाढीला गाव विद्वत्तेचा भाग समजत असे. जबड्यांचा डॉक्टर तरुण होता आणि असा रुग्ण हाती लागल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. त्याने पोकुवाचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले, सहकाऱ्यांना हाका मारमारून बोलावले, आणि बऱ्याच वेळाने, मुलीला आईबापही आहेत हे लक्षात येऊन, त्यांच्याकडे वळला.

"याला चेरुबिझम म्हणतात. फार दुर्मीळ. युरोपातल्या चर्चांच्या छतांवर करूब रंगवलेले असतात ना, गोबऱ्या गालांचे, वर बघणारे बाळदेवदूत? त्यांच्यावरून नाव पडलं."

"देवदूतांवरून?" डुफिएने विचारले.

"हो. जबड्याच्या हाडात पोकळ्या होतात आणि मऊ गाठींनी भरतात. वयात येईपर्यंत वाढेल, मग थांबेल, आणि हळूहळू आपणहून बसेल. आत्ता कापायचं नाही. कोणी कापतो म्हणाला तर मुलीला उचलून घरी जा. फक्त दात दाखवत राहा. हे बहुधा रक्तातून उतरतं. तुम्हां दोघांच्या घरी कोणाला लहानपणी असं होतं का?"

डुफिए नाही म्हणाली. ते खरे होते. मास्तरांनी दाढी कुरवाळली आणि डॉक्टरच्या टेबलावरच्या कवटीकडे बघत म्हटले, "आमच्याकडे असलं काही नाही."

माणसाला रक्त मिळते ते आईकडून, आणि बापाकडून मिळतो तो आत्मा, तेज, स्वभाव, हे इथल्या आसान्ते लोकांच्या मुलाला पाढ्यांच्या आधी कळते. त्यामुळे डॉक्टरचे "रक्तातून उतरतं" हे वाक्य गावात पोचले तेव्हाच निकाल लागून गेला होता. रक्तातली गोष्ट म्हणजे आईच्या घराण्यातली गोष्ट; आणि चेटूकही आपल्या रक्ताबाहेर चालत नाही. बापाचे घराणे चौकशीच्या कक्षेतच येत नव्हते. आईच्या घराण्यात आधी आटलेली विहीर, मग मेलेल्या शेळ्या, मग एका भाच्याची फसलेली परीक्षा अशा नाना कारणांनी जिच्याकडे बोटे दाखवून झाली होती ती एकच म्हातारी होती: डुफिएची आई, ताचीवा. विधवा, उंच, फटकळ, आणि कोणाचीही परवानगी न घेता म्हातारी झालेली.

खरे काय ते सांगू शकेल असा एक माणूस गावात होता. मास्तर अदोमाको दरवर्षी वरच्या वर्गाला वाटाण्याच्या वेलींचा धडा शिकवीत. फळ्यावर रंगीत खडूंनी चौकटी आखून ते दाखवीत की संततीत अर्धे आईचे उतरते आणि अर्धे बापाचे. तपासनीसांनी त्या धड्याची प्रशंसा केली होती. पण डुफिएच्या मामाच्या अंगणात घराण्याची सभा भरली तेव्हा मास्तर पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून दाढीतून बोटे फिरवीत राहिले. विज्ञान त्यांना अभ्यासक्रमापुरते मान्य होते.

मामा ओहेमेंग हा घराण्याचा प्रमुख आणि ताचीवाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने प्रेषित न्तिआमोआंना मुद्दाम बोलावले होते. स्पर्धेतले आपले मत प्रेषित विसरले होते. अशी स्मृती त्यांच्या व्यवसायात परवडत नाही.

"मुलगी आभाळाकडे का बघते?" प्रेषितांनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. "कारण खालून तिला कोणीतरी खातंय."

"मी खाते?" ताचीवा हसली. "या दातांनी? अरे, मला मक्याचं कणीस खाता येत नाही, आणि तू मला पोरीची हाडं खायला लावतोस?"

"ताई, प्रेषितांना अरे-तुरे नको," मामा म्हणाला.

"याच्या बारशाला मी पाणी भरलंय. तेव्हा हा प्रेषित नव्हता, हगवण होती याला."

डुफिए उठून उभी राहिली. "मामा, डॉक्टरनं सांगितलंय, हे आपोआप बसतं. रोगाचं नावच देवदूतांवरून आहे."

"मग झालं तर!" मामा म्हणाला. "देवदूत खाली पडला की त्याचाच सैतान होतो. प्रेषितांना विचार."

सभा खूश झाली. पूर्वीपासून जे ठाऊक आहे त्यालाच पुरावा मिळाला की सभा नेहमीच खूश होते. प्रेषितांनी मग उपाय सांगितला. येत्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ताचीवाने मंदिरात सर्वांसमोर चेटकाची कबुली द्यावी आणि तिथूनच शुद्धीसाठी प्रार्थना शिबिरात जावे. ईस्टरपर्यंत मुलीचे गाल उतरतील. शिबिर काय असते ते सर्वांना माहीत होते. तिथे झाडांना साखळ्या होत्या, साखळ्यांना बायका होत्या, आणि उपवास त्यांच्या वतीने दुसरेच कोणीतरी ठरवत असे. परतलेल्या बायकांच्या घोट्यांवर काळे वळ असत. परतलेल्या बायका थोड्याच असत.

ताचीवाने नातीकडे पाहिले. पोकुवा कोपऱ्यात तोंडावर पदरासारखा कापडाचा तुकडा ओढून बसली होती.

"माझ्या बोलण्यानं हिचे गाल उतरतील म्हणतोस?"

"देवाच्या शपथेवर."

"मग बोलते. जिभेची काय झीज होते?"

"आई!" डुफिए ओरडली.

"तू गप. चुकून खरं असलं तर?"

डुफिएला संताप आला तो या वाक्याचा. खोट्याने हरवलेली माणसे तिने पुष्कळ पाहिली होती. आपल्या आईला मायेने हरवलेले ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि ती माया किती स्वस्तात वापरली गेली हे त्या अंगणात तिच्याखेरीज एकालाच कळत होते. तो दाढी कुरवाळत होता.

कबुलीच्या आदल्या आठवड्यात मास्तरांची आई वारली. तिचे नावही पोकुवा. मुलीचे नाव ठेवण्याचा हक्क बापाचा, आणि मास्तरांनी तो बजावून लेकीला आपल्या आईचे नाव दिले होते. सारे जण मातीसाठी त्यांच्या गावी गेले. लग्नानंतर मास्तर डुफिएला तिथे फारसे नेत नसत. रस्ता खराब आहे म्हणत. रस्ता चांगला होता.

तिथे एक अडचण उभी राहिली. आईच्या मातीला मुलांनी डोके भादरायचे असते. मास्तरांनी डोके पुढे केले, पण न्हाव्याचा वस्तरा हनुवटीकडे वळताच हात आडवा धरला.

"दाढी राहू द्या. मी ख्रिस्ती माणूस आहे, शिवाय मुख्याध्यापक."

तिथल्या घराण्याचा म्हातारा प्रमुख खुर्चीत पुढे सरकला. मास्तरांच्या वारलेल्या मामाचे मानाचे आसन वर्षभर रिकामे होते आणि ते कोणत्या भाच्याला द्यायचे ते या मातीनंतर ठरायचे होते.

"आईसाठी डोकं भादरणार आणि तोंडावर झुडूप ठेवणार?" म्हातारा म्हणाला. "ठेव बाबा. आसन तुझ्या मावसभावाला देऊ. तोही ख्रिस्तीच आहे, पण गुळगुळीत."

आईसाठी जे झाले नसते ते आसनासाठी झाले. दाढी मूठमूठ खाली पडली. तिच्यामागून जो जबडा निघाला तो डुफिएने इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिला नव्हता. दोन्ही कोपऱ्यांना रुंद, चौकोनी, त्वचेखाली जुन्या गाठींचे उंचवटे असलेला. हसताना मास्तर तोंड फारसे का उघडत नाहीत, आणि मांसाचे तुकडे ते नेहमी पुढच्या दातांनीच का कुरतडतात, हेही तिला त्याच क्षणी समजले. मागे दाढा नव्हत्याच.

लाल-काळी वस्त्रे नेसून बसलेल्या बायकांतून कोनादू नावाची म्हातारी टाळी वाजवून उठली.

"अगं बाई, आला बाहेर! आमचा आभाळबघ्या! बघा गं, झुडपात लपला होता इतकी वर्षं!"

बायका शोक विसरून हसल्या. मास्तर म्हणाले, "म्हातारबाई, उन्हात बसू नका, तुम्हाला भोवळ येईल."

"मला कसली भोवळ? तुला मी पाठीला बांधून फिरवलाय." तेवढ्यात तिची नजर पोकुवावर पडली. "आणि ही तुझी पोर! हुबेहूब! इकडे ये गं. फडकं काढ ते, इथं कोणाला झाकतेस? तुझ्या बापाचे तुझ्याहून मोठे होते. पोरं त्याच्या गालांना फुफूचे गोळे म्हणायची, सुपात बुडवून खातात ते. सूप आणू का, विचारायची."

पोकुवाने फडके काढले. बापाकडे, मग म्हातारीकडे, मग पुन्हा बापाकडे पाहिले.

"मग त्यांचे कुठे गेले?" तिने विचारले.

"कुठं जातायत? आवाज फुटला आणि बसले. त्याच्या मामाचेही तसेच बसले होते."

"मावशी, औषध काय केलं होतं?" डुफिएने विचारले.

"औषध कसलं? मऊ शिजवून घातलं आणि वाट पाहिली."

संध्याकाळी घरामागच्या न्हाणीपाशी तिने नवऱ्याला गाठले.

"मास्तर, डॉक्टरनं विचारलं होतं तुम्हाला."

"त्यानं रोगाबद्दल विचारलं. मला रोग नव्हता. मला गाल होते."

"माझ्या आईच्या पायात साखळी पडतेय."

"ती स्वतः तयार झाली. मी काही बोललो का?"

"नाही. तेच तर म्हणतेय."

मास्तरांनी उघड्या हनुवटीवर हात ठेवला. तिथे धरायला काही नव्हते. "तुला कळायचं नाही. फुफूचा गोळा म्हणवून घेत मी शाळा पार केली. आज लोक मला सर म्हणतात. पुन्हा तेच ऐकू? आता, आसन मिळायच्या वेळी?"

"तुमची पोर रोज ऐकतेय. निदान तिला सांगायचं होतंत की हे जातं. एवढं एकच वाक्य. घरात, दार लावून."

मास्तर ताठ उभे राहिले. अडचणीत आले की ते मुख्याध्यापक होत.

"रविवारी तुम्ही मंदिरात उभे राहून सांगा," डुफिए म्हणाली.

"बघू."

याच शब्दाखाली शाळेचे छप्पर कित्येक वर्षे गळत आले होते.

घरी परतल्यावर डुफिएने आईला सगळे सांगितले. ताचीवाचे गाठोडे बांधून तयार होते: दोन वस्त्रे, एक चटई, दात घासायच्या काड्या. तिने गाठ एकदा आवळून पाहिली. मग म्हणाली, "पोरीसाठी चेटकीण व्हायला मी तयार होते. त्याच्या दाढीसाठी नाही."

"मग गाठोडं सोडू?"

"राहू दे. रविवारी घेऊन जाते. माणसं बघायला आलेली असतील, त्यांचा हिरमोड कशाला?"

रविवारी मंदिर भरून वाहत होते. एरवी फुटबॉलला जाणारे पुरुषही आले होते, कारण म्हाताऱ्या बाईला सर्वांदेखत मोडताना पाहणे हे विनाखर्चाचे पुण्य आहे. मास्तर अदोमाको दुसऱ्या रांगेत पांढरा रुमाल जबड्याला लावून बसले होते. दात दुखतो, असे त्यांनी दारातच जाहीर केले होते. प्रेषितांनी ढोल थांबवले आणि माइक ताचीवाच्या तोंडापुढे धरला. तिने गाठोडे खाली ठेवले.

"मी खाल्लं," ती म्हणाली.

मागच्या रांगा बाकांवर चढल्या.

"ओहेमेंग माझ्या शेताची हद्द सरकवत होता तेव्हा मी त्याची कोंबडी खाल्ली. चांगली होती. देवानं माफ करावं. पण या पोरीचे गाल मी खाल्लेले नाहीत, फुगवलेलेही नाहीत. ज्याचे आहेत तो दुसऱ्या रांगेत रुमाल धरून बसलाय. मास्तर, काढा रुमाल. जिथं दातच नाहीत तिथं दुखतं कसं?"

कोणीतरी फिसकन हसले. मामा ओहेमेंग, कोंबडीच्या आठवणीने लाल होऊन, उठला. "अदोमाको, हात खाली घे."

मास्तरांनी हात खाली घेतला. शेजारी पोकुवा बसली होती. जबड्याशेजारी जबडा आला, आणि त्या दोहोंकडे पाहणाऱ्याला वाटाण्याच्या वेलींची गरज नव्हती. मंदिरात शांतता पसरली. ती शांतता थोडी टिकली असती तर तिच्यात एखाद्याला विचार करणे भाग पडले असते. प्रेषित न्तिआमोआंना तो धोका दिसला. बुद्धी त्यांना होती. ती नेहमी अशाच कामाला लागे.

"हालेलुया!" त्यांनी आरोळी ठोकली. "मी सांगितलं नव्हतं? मी म्हणालो होतो, रक्त! कोणाचं रक्त ते आज देवानं दाखवलं. मास्तर, तुमचं रक्त कोणाचं? तुमच्या आईचं. जिला परवा पुरलंत, तिनं आधी भाऊ खाल्ला, मग मुलगा खाल्ला, आणि मरायच्या आधी नातीवर हात टाकला. नाव तरी कोणाचं दिलंत मुलीला? बोला मास्तर, खरं की नाही?"

ढोल वाजू लागले. सगळे मास्तरांकडे वळले. आता त्यांना बोलायचे होते ते काही फार नव्हते. जे ते दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी लिहीत तेवढेच. डुफिए त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला अजूनही आशा होती, आणि त्याबद्दल तिने पुढे स्वतःला सहजासहजी क्षमा केली नाही.

मास्तरांनी मान हलवली. वरून खाली. हो.

मंदिर आनंदाने फुटले. निकाल सर्वांच्या सोयीचा होता. ओहेमेंगमामाच्या घराण्यावरचा डाग गेला, प्रेषितांची वाणी खरी ठरली, मास्तर अत्याचाराचे बळी ठरले, आणि चेटकीण अशा ठिकाणी होती जिथून कोणी उलट बोलत नाही. मास्तरांच्या आईच्या कबरीवरची माती अजून ओली होती.

"मुलीचं नाव बदलावं लागेल!" प्रेषित म्हणाले. "आजच! इथेच!"

"माझं?" पोकुवाने विचारले.

डुफिए उठली. "नाव तेच राहील," ती म्हणाली. तिने मुलीचा हात धरला, आईने गाठोडे उचलले, आणि तिघी बाहेर पडल्या. कोणी अडवले नाही. त्यांची आता कोणाला गरज नव्हती.

दुपारी घरी ताचीवाने मातीच्या खोलगट भांड्यात उकडलेला सुरण ठेचला, त्यात पामतेल कालवले आणि नातीपुढे ठेवला. दाढा नसलेल्या तोंडाला तो मऊ लागत होता. पोकुवा पुष्कळ खाऊन म्हणाली, "आजी, मोठेपणी मलाही दाढी ठेवावी लागेल?"

"नाही गं. दाढी पुरुषांना लागते. त्यांच्यापाशी झाकण्यासारखं जास्त असतं."

दारात मास्तर उभे होते. किती वेळचे, कोणास ठाऊक. हनुवटीवर पहिले खुंट उगवू लागले होते आणि त्यांचा हात सवयीने तिथेच होता. आत डुफिएने गाठोडे सोडले होते. मास्तरांचे सूट कपाटातून काढून तिने खुर्चीवर टाकले आणि वरच्या खणात आईची दोन वस्त्रे घडी घालून ठेवली.

"हे काय?" मास्तरांनी विचारले.

"आई इथेच राहणार. तुम्ही दाढी वाढेपर्यंत शाळेत झोपा." तिने सूट त्यांच्या हातांवर ठेवले. "तिथलं छप्पर बघायचं राहिलंय तुमचं."